कुसळी गवतावरची थंडी

तांबडी कुशीवर पडली होती आणि पडल्यापडल्या पाय झाडत होती, पळत सुटल्यासारखी. तोंडातून फेस गळत होता. डावीकडून पोट फुगून टम्म झालं होतं. हे सगळं मी टॅबवर बघत होते. टॅब तांदळाच्या डब्याला टेकवलेला, आणि मी सिंगापुरात, चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात, गवारीच्या शेंगा मोडत बसलेली. गोठा गावाकडचा, माझ्या धाकट्या बहिणीचा. तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता.

"आक्का, ही उठंना. मघापासनं थरथरत हुती, आता पडली."

"काय खाल्लं तिनं?"

"काय न्हाई. गवात टाकलंय, त्याला तोंड बी लावलं न्हाई."

"मग प्यायली काय?"

"गूळपानी दिलं सकाळी. कोमट करून."

"कुठलं गूळपाणी?"

"कालचं पिपात उरल्यालं. गुळाचं पानी कुनी सांडतं व्हय?"

मी शेंगा बाजूला ठेवल्या. त्या पिपात गुळाबरोबर युरिया होता. वाळल्या गवतावर शिंपडण्यासाठी कालवलेला. गवतावर थोडाथोडा गेला तर जनावराला अंग धरायला मदत होते. बादलीनं पोटात गेला तर ते विष.

"काळीला पण दिलं का?"

"तिनं जरासंच पेलं. बादली तांबडीनंच चाटून काढली."

"आणि कालवड?"

"ती खाली उन्हात बांधलीया. तिला न्हाई दिलं."

मी माझ्या फोनवरून मुलाला ऑफिसात फोन लावला. ऑफिसच्या वेळात त्याला फोन करायचा नाही असं घरात ठरलेलं आहे. त्यानं उचलला नाही. मी पुन्हा लावला, आणि उचलेपर्यंत लावत राहिले.

"आई, मीटिंगमध्ये आहे मी."

"तांबडी मरायला लागलीय. मावशीनं युरियाचं पाणी पाजलं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"किती?"

"बादलीभर."

"व्हिनेगर पाजायला सांग. थंड पाण्यातून. जितकं मिळेल तितकं, आणि वर भरपूर थंड पाणी. लगेच."

मी फोन टॅबच्या तोंडाशी धरला. तो तिकडून ओरडून सांगत होता, बहीण गोठ्यातून विचारत होती, "त्ये काय असतंय रं?" माझ्या फडताळात सुनेची व्हिनेगरची बाटली होती, मिरच्या मुरवायला ठेवलेली. ती मी टॅबसमोर धरली.

"हे बघ. आंबट पाणी असतं."

"आमच्यात कुठनं आलंय आक्का ह्ये."

"स्टँडवर चायनीजची गाडी आहे ना. तो मंचुरियनवाला कोबीवर हेच ओततो. त्याच्या घरी जा. पळ."

ती गेली. फोन तसाच गव्हाणीत उभा करून गेली. मग बराच वेळ गोठ्यात कोणी नव्हतं. तांबडी होती, मागे काळी मान खाली घालून उभी होती, आणि मी इथे. मुलगा फोनवर श्वास घेत होता, ते ऐकू येत होतं. खालच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं. मी टॅब बंद केला नाही. त्या जनावराच्या जवळ तेवढंच होतं, कुणीतरी बघणारं.

हे इथवर कसं आलं ते सांगते.

मी चौथीपर्यंत शिकले. माझा मुलगा पुष्कळ शिकला. इथे आमच्या बौद्ध समाजातली जी मराठी मुलं आहेत ती बहुतेक इंजिनीअर, एखादा लॅबमध्ये. जयंतीच्या कार्यक्रमाला सगळी जमली की एकमेकांना कामाचं विचारतात. माझा मुलगा म्हणतो, मी गायींच्या खाण्याचं काम करतो. लोकांना वाटतं गंमत करतो. पण ते खरं आहे. तो जिथे काम करतो ती कंपनी पशुखाद्य विकते, आणि त्याचं काम बर्फाच्या मुलखातल्या गायींचं. तिथे मांसासाठी गायी पाळतात. थंडीत हिरवं काही नसतं, साठवलेलं वाळलं गवत घालतात, आणि ते गवत बऱ्याचदा नुसतं काड्या असतं. त्या गवताला जोड म्हणून कुठली पेंड द्यायची, किती द्यायची, गाभण गायीला काय, रिकाम्या गायीला काय, हे तो सिंगापुरात एसीत बसून ठरवतो. इथे थंडीही नाही आणि गायही नाही.

मी एकदा त्याला विचारलं, "कापायच्याच आहेत तर थंडीत एवढं जपायचं कशाला?"

"आई, कापतात ती वासरं. गायीनं दर वर्षी वासरू दिलं पाहिजे. ती थंडीत खंगली की पुढच्या वर्षी गाभण राहत नाही. म्हणून जपायची."

"म्हणजे मावशीसारखंच."

"तसंच."

खरंच तसंच होतं. माझ्या बहिणीच्या गायी गावरान. दूध देतात ते चहापुरतं. गाय ठेवायची ती वासरासाठी. गोऱ्हा झाला तर वाढवून बैलासाठी विकायचा, कालवड झाली तर ठेवायची. आमच्या घरात गाय कधी देव नव्हती. जनावर होतं, आणि जनावराला पोटभर घालायचं असतं एवढं आम्हाला कळत होतं.

बहीण एकटी राहते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. आदल्या थंडीत तांबडी इतकी वाळली की तिला मेलेलं वासरू झालं. तेव्हा तो आईला म्हणाला, अजून एक थंडी बघू. याही वर्षी जनावरांनी अंग धरलं नाही तर विकून टाकू आणि तू माझ्याकडे चल. माझी बहीण पुण्यात एकदा राहून आली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ती मला म्हणाली होती, "आक्का, दिवसभर कुनाला हाक मारायची तीच कळंना." तेव्हा त्या थंडीत गायी टिकणं म्हणजे तिचं गावात राहणं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

चारा तर सगळा वाईट. आमच्याकडे आता ज्वारी कोणी पेरत नाही, सगळं सोयाबीन. त्यामुळे कडबा नाही. उरतं ते डोंगरचं कुसळी गवत. दिवाळीनंतर कापतात, तोवर ते पिकून पिवळं पडलेलं असतं. कुसळं पदरात रुततात, जनावराच्या जिभेत रुततात. त्यानं पोट भरतं आणि बरगड्या दिसत राहतात.

मुलगा म्हणाला, मावशीला रोज फोन करू. मग आमचं रोजचं सुरू झालं. इथे रात्रीचं जेवण व्हायचं तेव्हा गावाकडे दिवस मावळत असायचा. टॅब जेवणाच्या टेबलावर.

"मावशी, शेण दाखवा."

"आरं जेवतुयास न्हवं?"

"दाखवा हो."

ती फोन खाली न्यायची. शेण ढिगासारखं उभं, कोरडं, वर भेगा पडलेल्या. तो जवळ वाकून बघायचा. सून भाजीचं पातेलं उचलून आत न्यायची. नात ताटावरून उठायची. "आजी, सो डिसगस्टिंग लाह," असं इथल्या इंग्रजीत मला म्हणायची, जसं काही शेण मी टाकलं होतं.

त्यानं मला समजावून सांगितलं ते असं. गायीच्या पोटात बारीक जीव असतात, ते गवत पचवतात. त्या जिवांनाही खायला लागतं. वाळल्या गवतात त्यांचं खाणं नसतं, म्हणून गवत पोटात तसंच पडून राहतं, शेण घट्ट येतं आणि गाय आणखी खायला मागत नाही. थोडी पेंड मिळाली की ते जीव कामाला लागतात आणि तेच गवत अंगी लागतं. गवत बदलता येत नाही, जोड बदलता येते. हे मला पटलं.

आधी सरकीची पेंड ठरली. तो म्हणाला, ही एक दिवसाआड दिली तरी चालते, आमच्या गायींना तशीच देतात, रोजची दगदग वाचते.

बहीण म्हणाली, "एक दिसाआड जेवतंय व्हय कुनी? तू जेवतुस का?"

"मावशी, गवत रोजच. पेंड एक दिवसाआड."

"बरं," ती म्हणाली. आणि रोज निम्मी निम्मी देत राहिली. मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. चालत होतं म्हणून मी बोलले नाही.

मग पेंडीचं दुसरं पोतं आलं ते खराब निघालं. आत गोळे झालेले, हिरवट, उबट वास. मुलानं टॅबवर बघितलं आणि सगळं फेकायला सांगितलं. गाभण गायीला बुरशी चालत नाही. शेंगदाण्याच्या पेंडीचं तसंच, दुकानदाराकडे जी होती ती गेल्या पावसाळ्यापासून पडलेली. सोयाबीनची पेंड सगळी कोंबड्यांच्या शेडवाल्यांनी आधीच उचललेली. रोज नवं नाव, रोज नवा नकार. त्याचं ऑफिसचं काम मी त्या दिवसांत घरबसल्या शिकले आणि मला त्याचा कंटाळा आला. ज्याच्या हातात खराब आणि त्याहून खराब एवढंच आहे त्यानं काय निवडायचं.

तशात गावात पशुवैद्यकीयवाले आले आणि ग्रामपंचायतीपुढे युरिया आणि गुळाचं पाणी गवतावर शिंपडून दाखवून गेले. बहीण बघून आली. मुलगा नको म्हणत होता. अशक्त आणि गाभण जनावराला युरिया आम्ही सहसा देत नाही, म्हणाला. दोन दिवस तो नको म्हणाला. मग तांबडीच्या पाठीचा कणा बघून हो म्हणाला. कसं करायचं ते त्यानं तिच्याकडून तीनतीनदा वदवून घेतलं. गवतावर पातळ शिंपडायचं, चांगलं उलथंपालथं करायचं, हळूहळू वाढवायचं, प्यायच्या पाण्यात कधी मिसळायचं नाही. ती हो म्हणाली आणि तिनं तसंच केलं. प्यायच्या पाण्यात तिनं कधी मिसळलं नाही.

आणि गुण आला. शेण सैल झालं. दोघी गव्हाण चाटायला लागल्या. तांबडीच्या अंगावर केस बसले. मुलगा खूश होता, ऑफिसात त्यानं फोटो दाखवले म्हणे.

पण थंडी वाढली. बहिणीला सकाळी आडावरून पाणी आणणं जड जायला लागलं, म्हणून ती दोन वेळचं एकदम पिपात कालवून ठेवायला लागली. त्या सकाळी पिपात बादलीभर उरलं होतं आणि तांबडी काकडली होती. आमच्या आईनं आम्हाला शिकवलेलं, गाभण गाय थंडीनं आखडली की कोमट गूळपाणी द्यायचं. बाळंतिणीला देतात तसं. गुळाचं पाणी टाकून द्यायचं नाही, हेही आईचंच. बहिणीच्या डोक्यात शिंपडायचं ते औषध आणि पाजायचं ते गूळपाणी. पीप एकच होतं. तिनं ते चुलीवर कोमट केलं आणि प्रेमानं पाजलं.

तर बहीण परत आली ती धापा टाकत. मागे मंचुरियनवाला, त्याच्या दोन्ही हातांत बाटल्या. बनियनवरच आला होता.

"मावशी, एवढंच हाय," तो म्हणाला. "बाकीचं काल गाडीवर संपलं."

मुलानं फोनवर विचारलं, किती आहे. मी बाटल्या मोजून सांगितल्या.

"दोघींना पुरेल का?" मी विचारलं.

"नाही."

"मग कोणाला?"

माझा मुलगा दिवसभर कुठल्या गायीला किती द्यायचं तेच ठरवतो, पण हे त्याच्यानं होईना. मी टॅबकडे बघितलं. तांबडीचे पाय आता झाडत नव्हते, नुसते ताठ होत होते. काळी थरथरत होती. उभी होती.

"काळीला पाज," मी बहिणीला म्हणाले.

"आक्का, तांबडी गाभण हाय."

"ती गेली. काळी उभी आहे. काळीला पाज."

"तू तिथं बसून मला सांगू नगंस."

"मग नको ऐकूस. दोघींना निम्मं निम्मं दे आणि दोघींना घालव."

ती माझ्याकडे बघायला आली. म्हणजे फोनजवळ आली, तिचं तोंड पहिल्यांदा दिसलं. मग तिनं काळीचं दावं धरलं, मंचुरियनवाल्यानं मान वर उचलली, आणि त्यांनी गालफडातून बाटल्या ओतल्या. व्हिनेगर, मग थंड पाणी, पुन्हा व्हिनेगर. काळी ठसकली, त्याच्या बनियनवर सगळं उडालं. "कोबी केला माझा," तो म्हणाला. कोणी हसलं नाही. ते काळीला पाजत होते तेवढ्यात मागे तांबडी मेली. मी बघितलं. त्यांनी नंतर बघितलं.

सरकारी डॉक्टर दुपारनंतर आले. काळीला सलाईन लावलं, केलं ते बरोबर केलं म्हणाले, आणि तांबडीची पाहणी करून गेले.

मुलगा त्या दिवशी लवकर घरी आला. एमआरटीतून, इथल्या मेट्रोतून, उतरून तसाच, बूट न काढता खुर्चीत बसला.

"युरियाला मी हो म्हणायलाच नको होतं," तो म्हणाला.

"मग बुरशीची पेंड घातली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मला माहीत नाही, आई."

"बूट काढ," मी म्हणाले. नात आतून आली, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काऊ डाय ऑलरेडी?" एवढंच विचारलं आणि त्याच्याजवळ बसली. त्या संध्याकाळी टेबलावर टॅब नव्हता. सगळे जेवायला बसले. कोणी शेण बघितलं नाही आणि तरी जेवण कोणाला गेलं नाही.

बहीण माझ्याशी बोलेना. फोन केला की उचलायची, "बरं हाय" म्हणायची आणि ठेवायची. मीही फार लावून धरलं नाही. या वयात रुसवे काढायला अंगात बळ लागतं. पुढे संक्रांत झाल्यावर तिचाच फोन आला, आणि तांबडीला पुरल्याचं तिनं तेव्हा सांगितलं. शेजारचा म्हातारा बांधावर उभा राहून म्हणाला होता, "पूर्वी मेलेलं ढोर तुम्हीच न्यायचा की वढून. आता तुमचंच हाय तर कुनाला बोलवायचं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, पूर्वी न्यायचो ते तुमचं. ही माझी हाय. हिला जेसीबी येनार हाय."

जेसीबी आला, खड्डा केला, तिला मिठासकट पुरली. बहीण खड्ड्याशी उभी राहिली नाही. काळीला पाणी दाखवायचं होतं, ती तिकडे गेली.

उरलेली थंडी तिनं युरियाला हात लावला नाही. कॅनॉलच्या कडेच्या शेवरीचा पाला ती रोज भारा करून आणायची आणि डाळमिलवरून तुरीची चुणी. मुलानं ऐकलं आणि चालेल म्हणाला. पाल्यातही तेच असतं, म्हणाला, फक्त आणायला माणूस लागतं. माणूस होतं. तिच्या खांद्याला गाठ आली भारे वाहून. मी तिला म्हणाले, दम खात जा. ती म्हणाली, "दम पुन्यात खाऊ का?"

तिचा मुलगा शिमग्याच्या आधी तिला न्यायला आला. पिशवी भरायला सांगितली. तिनं त्याला गोठ्यात नेलं. काळी पाला ओढत होती. तिच्या पाठीवर हात फिरवला तर कणा हाताला लागत होता, पण टोचत नव्हता. कालवड अंगानं भरली होती. त्यानं दावणीवरची रिकामी जागा बघितली. मग म्हणाला, "दोनच राहिल्यात की."

"दोन हायती," ती म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं एकटाच गेला.

माझा मुलगा आता गावाकडच्या गायींचं आपणहून काही सांगत नाही. विचारलं तर सांगतो, आणि सांगितल्यावर म्हणतो, डॉक्टरांना विचारा. बर्फाच्या मुलखातल्या गायींचं काम तो करतोच आहे. त्या जगतात की मरतात ते त्याला दिसत नाही, कागदावर येतं.

तांबडी गेली, तिच्या पोटातलं वासरू गेलं. त्या थंडीतून काळी, कालवड आणि माझी बहीण जगल्या.